सीपीयू भंगारात घालण्याआधी

२०२५च्या दिवाळीपासून दुकानात आलेलं गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, "विंडोज १० बंद झालं म्हणे. आता नवीनच घ्यावा लागेल का हो?" सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्त करता करता माझे केस पांढरे झाले. माझं उत्तर ठरलेलं असतं : आधी डबा उघडून बघू, मग पैशाचं बोलू.

'बंद झालं' म्हणजे नेमकं काय झालं? विंडोज १० जुलै २०१५मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही आणि त्या कारणाने पुढेही पडणार नाही. थांबली ती दर महिन्याला होणारी सुरक्षेची डागडुजी. पण म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका. मार्च २०१७मध्ये विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारा अपडेट आला होता. ज्यांनी तो टाकला नाही, त्यांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने गाठलं. जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला, त्यानेही तेच भगदाड वापरलं आणि आपल्या न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. घरातल्या यंत्रावर कंटेनर नसतात, पण बँकेचा पासवर्ड असतो.

म्हणून पहिलं काम : आपलं यंत्र विंडोज ११ घेतं का ते बघणं. स्टार्टवर उजवं बटण दाबून 'सिस्टिम' उघडा आणि प्रोसेसरचं नाव वाचा. 'आय५-७४००' असं असेल तर पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी. 'आय५-८४००' असेल तर आठवी, आणि 'आय५-१०४००'सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक धरायचे, म्हणजे दहावी. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर चालतात, एएमडीमध्ये रायझन २०००च्या मालिकेपासून. शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा चिप लागते. या चिपपाशीच लोक फसतात. "तुमच्यात टीपीएम नाही" असं स्क्रीनवर आलं की आशा सोडतात. पुष्कळदा ती सोय मदरबोर्डात असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती 'पीटीटी' या नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाने. चालू करा आणि पुन्हा तपासा. मूळ विंडोज अस्सल असेल तर ११चं अपग्रेड फुकट मिळतं.

प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा निघाला, तर तपासणीला बगल देऊन ११ घालून देणारे भेटतील. मी ते करत नाही. अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच हाती लागत नाही. "कुठलंही विंडोज मारून द्या" म्हणणाऱ्यांना क्रॅक केलेली कॉपीही मी देत नाही. ते म्हणजे चोराकडूनच कुलूप विकत घेणं झालं.

अशा यंत्रांना दोन वाटा आहेत. पहिली थोड्या दिवसांची. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या अपडेटची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्यात आपल्या सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती विनाशुल्क मिळते. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून होते, मात्र यंत्रावर २२एच२ ही आवृत्ती हवी.

दुसरी वाट लिनक्स मिंट. हीही फुकट, आणि तिच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबी असेल तर बरी चालते. जुन्या यंत्राला तिची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्या. पेन ड्राइव्हवरून ती न बसवताच चालवून बघता येते. आवाज येतो का, वायफाय पकडतो का, प्रिंटर कागद ओढतो का, हे सगळं हार्ड डिस्कला हात न लावता कळतं. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आतच असतात, युनिकोड मराठी व्यवस्थित दिसतं आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून घेता येतो. मेल, यूट्यूब, नातवंडांचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब एवढंच काम असेल त्यांना मी बेधडक मिंट घालून देतो. टॅली वापरणारे हळदीचे व्यापारी आणि डिजिटल सहीचं टोकन लावणारे कर सल्लागार यांनी मात्र विंडोजवरच राहावं.

कुठलीही वाट धरा, आधी हार्ड डिस्क बदला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के दिसत असेल, तर दोष विंडोजचा कमी आणि फिरणाऱ्या तबकडीचा जास्त. तिथे २५६ जीबीची साटा एसएसडी लावली की तेच यंत्र ओळखू येत नाही. डबा उघडलाच आहे तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा 'सीआर२०३२' सेलही बदलून घ्या. तो संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणून अडते. लोक व्हायरस शोधत बसतात.

सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅट मारण्याआधी बॅकअप. फोटो आणि टॅलीचा डेटा सगळ्यांना आठवतो, फॉन्ट कुणालाच आठवत नाहीत. लग्नपत्रिका करणाऱ्या एका बाईंनी दुसरीकडून फॉरमॅट करून घेतला, तर सगळ्या जुन्या पत्रिकांत 'श्री गणेशाय नमः'च्या जागी एबीसीडीची खिचडी. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधली अक्षरं तो फॉन्ट असेल तरच मराठीत दिसतात. त्यांच्या भावाच्या मशीनवर तेच फॉन्ट निघाले म्हणून निभावलं. तेव्हा 'विंडोज'मधला 'फॉन्ट्स' फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर उतरवा.

आणि एवढं करूनही यंत्र टाकायचंच ठरलं, तर आधी त्यातली हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. तुमचं आधार, पॅन आणि पासबुकाचे स्कॅन तिच्यात असतात. उरलेला डबा भंगारवाल्याला नको, ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.