उष्णता देणे आणि उष्णता राखणे

कॉफी निवली की आपण तिचे भांडे पुन्हा विस्तवावर ठेवतो. ऊब परत येते. चव मात्र परत येत नाही. असे का व्हावे? कॉफीची गोडी बरीचशी तिच्या सुवासात असते, आणि सुवासाची द्रव्ये आच लागताच उडून जातात. शिवाय उष्णतेने क्लोरोजेनिक आम्लांचे विघटन होऊन क्विनिक आम्ल वाढते व कॉफी आंबट-कडवट लागते. म्हणून नवी उष्णता देण्यापेक्षा आहे ती राखावी, हे बरे.

१८९२ साली जेम्स ड्यूअर यांनी द्रवरूप वायूंसाठी दुहेरी भिंतींची बाटली बनविली. तिचाच अवतार म्हणजे आपला थर्मास. भिंतींमधील निर्वात पोकळीमुळे उष्णतेचे वहन व अभिसरण जवळजवळ थांबते. काचेवरील चांदीच्या मुलाम्याने प्रारण अडते. थर्मास आधी कढत पाण्याने विसळावा, तोंडापर्यंत भरावा, बूच घट्ट लावावे. तरीही कॉफी गरम असेतो तिच्यातील बदल मंदपणे चालूच राहतात. तेव्हा ती तासाभरात संपवावी.

दक्षिणेतील घरांनी याहून सोपी युक्ती योजली आहे. फिल्टरमधला दाट अर्क तसाच ठेवायचा आणि ऐन वेळी त्यात कढत दूध ओतायचे. आच लागते ती दुधाला, कॉफीला नव्हे. पाहुणा थोडा उशिरा आला, तरी त्याच्यापुढे शिळी चव ठेवण्याची पाळी आपल्यावर येत नाही.