जूनमधला लाल डाग

पार्किंगच्या फरशीवर पहिला डाग दिसला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. एसीचं पाणी असेल म्हणून तीन-चार दिवस तसाच राहू दिला. मग बोट लावून पाहिलं, तर तांबूस आणि तेलकट. आमच्या गाडीचं कूलंटही लालच, म्हणून थेंब वाटीतल्या पाण्यात सोडला. मिसळला नाही, तरंगत राहिला. म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. (त्याचा लाल रंग अंगचा नव्हे, ओळखू यावं म्हणून घातलेला असतो, तेल जुनं झालं की तो विटकरी होतो.) या गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते तीच मुळी या तेलातून. ते कमी पडलं की गिअर घसरू लागतो आणि आतल्या क्लच प्लेटा जळतात.

पहिल्या वर्कशॉपने गाडीखाली टॉर्च मारला. थेंब गिअरबॉक्सखालच्या चेंबरच्या कडेला लटकत होता, म्हणून पॅकिंग बदललं, नवं तेल भरलं, बोल्ट जीव खाऊन आवळले. चेंबर पातळ पत्र्याचा. फाजील आवळला की बोल्टपाशी दबतो आणि मधे पॅकिंग सैल पडतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! जुलै संपता संपता डाग दुप्पट झाला.

ऑगस्टमध्ये एकदाचं गाडीचं मॅन्युअल उघडलं. तेलाची पातळी गाडी तापलेली असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून ‘पी’वर आणून बघायची, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. वर्कशॉपमध्ये थंड गाडीची डिपस्टिक पाहून वरच्या खुणेपर्यंत तेल ओतलं होतं. तापल्यावर ते फुगलं, फेसाळलं आणि ब्रीदरमधून बाहेर आलं. सिरिंजला नळी जोडून डिपस्टिकच्या वाटेने अर्धा लिटर तेल उपसलं. डाग लहान झाला, पण गेला नाही.

दुसऱ्या वर्कशॉपने इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या सीलवर बोट ठेवलं. गिअरबॉक्स उतरवावा लागणार, खर्च पाच आकडी. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. आज मागे वळून पाहताना त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग येतो. ‘काय बदलायचं?’ हे मी दोन्हीकडे विचारलं. ‘तेल येतंय कुठून?’ हे एकदाही नाही.

सप्टेंबरात एका मित्राने त्याच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेलं. “आधी धुऊ, मग बोलू,” एवढंच ते म्हणाले. गाडी खालून स्वच्छ धुतली, हवेने वाळवली, गिअरबॉक्सवर आणि त्याचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांवर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि मला वीस किलोमीटर पिटाळलं. परत येऊन गाडी लिफ्टवर चढली, तेव्हा पांढऱ्या पावडरीतून एक लाल रेघ उतरलेली दिसली. तिचा उगम रेडिएटरजवळ, कूलरच्या रबरी होजमध्ये होता. बारा वर्षांत रबर टणक झालेलं, क्लिप ढिली. गाडी उभी असली की कोरडं. इंजिन चालू होऊन तेलाला दाब आला की पाझर. तिथून तेल लोखंडी पाइपावरून मागे ओघळायचं, धावत्या गाडीच्या वाऱ्याने चेंबरभर पसरायचं आणि टपकायचं भलतीकडेच.

मेकॅनिककाकांनी दोन्ही होज बदलले, तेही गिअरबॉक्सच्या तेलाला टिकणारे. साध्या पाण्याच्या पाइपाला त्यांनी साफ नकार दिला. नव्या क्लिपा लावल्या, गाडी तापवून तेलाची पातळी पाहिली. बिल अकराशे रुपये झालं. पावडरचा डबा त्यांनी त्यात धरला नव्हता.