जुनी ‘हेराल्ड’ घेताना : रंग शेवटी पाहावा

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण सर्वपरिचित आहे. तिला ‘जुनी मोटार पाहावी घेऊन’ अशी पुस्ती जोडणारे अनुभवी गृहस्थ आपल्याला प्रत्येक शहरात भेटतात. लखनौसारख्या जुन्या शहरात तर एखाद्या कोठीच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेली दोन दारांची देखणी गाडी दिसते, मालक विकायला तयार असतो आणि तरुणपणीचे स्वप्न पुन्हा जागे होते. असे स्वप्न पाहण्यात गैर काहीच नाही. मात्र त्यासाठी कष्टाची बचत खर्ची पडणार असेल, तर गाडी कोणत्या क्रमाने तपासावी हे आधी जाणून घेणे हिताचे ठरते.

अस्सल ब्रिटिश स्पोर्ट्स कार मध्यमवर्गीय खिशाला सहसा परवडत नाही. तिची जवळची नातेवाईक मात्र आपल्याकडेच तयार होत असे. ती म्हणजे ‘स्टँडर्ड हेराल्ड’. ट्रायम्फ कंपनीने 1959 साली इंग्लंडमध्ये आणलेल्या हेराल्डचे रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने घडविले होते. 1962 साली आलेली ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्स कारही त्याच्याच कल्पनेतून आणि हेराल्डच्याच यांत्रिक पायावर उभी राहिली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून भारतात हेराल्ड बनविली. आरंभी ती दोन दारांची होती, पुढे चार दारांची झाली आणि 1972 साली तिच्या जागी ‘गॅझेल’ आली. सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणारी ही गाडी लखनौच्या चौक भागातील अरुंद रस्त्यांतही अडत नाही.

प्रथम कागदपत्रे

बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, बिघडलेली मालकी सहजासहजी होत नाही. इतक्या जुन्या गाड्या अनेकदा दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर राहिलेल्या असतात. अशा वेळी गाडी प्रथम वारसाच्या नावावर होणे आवश्यक असते. त्यासाठी नमुना 31 भरावा लागतो. विक्रीनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना 29 व 30 लागतात. पूर्वी कधी कर्ज घेतलेले असेल आणि आर.सी. बुकात बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना 35 यांशिवाय पुढे जाऊ नये. गाडी अन्य राज्यात नोंदलेली असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 28, हवे.

तीन अक्षरी जुना क्रमांक असलेल्या गाड्यांची नोंद संगणकावर असतेच असे नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी आर.सी. बुक घेऊन ट्रान्सपोर्टनगर येथील परिवहन कार्यालयात स्वतः चौकशी करावी. चासी व इंजिन यांवर कोरलेले क्रमांक बुकातील क्रमांकांशी अक्षरशः जुळवून पाहावेत.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या व मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी केंद्र शासनाने 2021 साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यानुसार नव्या नोंदणीस 20,000 रुपये व पुनर्नोंदणीस 5,000 रुपये शुल्क ठरविण्यात आले आणि नोंदणीची मुदत दहा वर्षे ठेवण्यात आली. मात्र अशी गाडी दैनंदिन वापरासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. रोज कार्यालयात जाण्यासाठी गाडी हवी असणाऱ्यांनी हा मुद्दा आधीच विचारात घ्यावा.

मग सांगाडा

आजच्या बहुतेक गाड्यांत बॉडी हाच सांगाडा असतो. हेराल्डची रचना निराळी आहे. तिची चासी स्वतंत्र असून बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टांनी बसविलेले असतात. त्यामुळे पत्रा बदलणे सोपे जाते, परंतु चासीच गंजली असेल तर सारेच व्यर्थ होय. गाडी उंचावर घेऊन चासीचे बाजूला निघालेले हात, बॉडीचे बोल्ट जेथे बसतात त्या जागा आणि डिकीचा तळ पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावा. पत्रा आत गेला, तर गंजाने तो पोखरला आहे असे समजावे. पायाखालील गालिचेही उचलून पाहावेत.

दारांच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी नसेल, तर चासी वाकली किंवा खचली असण्याची शक्यता असते. लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. तो जेथे चिकटत नाही, तेथे रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. नवा चकचकीत रंग पाहून हुरळून जाणे हीच या व्यवहारातील सर्वांत महाग चूक ठरते.

चाके व इंजिन

हेराल्डचे संपूर्ण बॉनेट पुढच्या बाजूला उलटते, त्यामुळे तपासणी सुलभ होते. पुढच्या चाकांच्या आधाराशी ‘ट्रनियन’ नावाचा पितळी भाग असतो. त्यात ग्रीस नव्हे, तर गिअरचे घट्ट तेल घालावे लागते. हे ठाऊक नसल्याने वर्षानुवर्षे ग्रीसच भरले गेले, तर आतील आटे झिजतात आणि एके दिवशी चालत्या गाडीचे चाक निखळू शकते. मालकाने कोणते तेल वापरले हे अवश्य विचारावे. जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवून पाहावे.

इंजिनाची परीक्षा थंड असताना घ्यावी; आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. साहाय्यकास क्लच दाबावयास सांगून पुढील पुलीकडे लक्ष द्यावे. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली, तर क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत आणि इंजिन उघडणे अटळ आहे असे समजावे. नंतर हजरतगंजच्या गर्दीत गाडी तापते काय आणि शहीद पथावर सरळ धावते काय, हे पाहावे. मागील चाकांच्या विशिष्ट रचनेमुळे ही गाडी वेगात वळविणे धोक्याचे असते, याचेही भान ठेवावे.

शेवटी पैशांचा हिशेब

इतक्या जुन्या वाहनास नेहमीचे वाहन कर्ज सहसा मिळत नाही आणि छंदासाठी वैयक्तिक कर्जाचे व्याज भरणे श्रेयस्कर नव्हे. म्हणून खरेदी बचतीतूनच करावी, तीही सर्व बचत एकदम न गुंतविता. हाती असलेल्या रकमेचा मोठा भाग दुरुस्तीसाठी राखून उरलेल्या रकमेतच सौदा करावा. हेराल्ड व स्पिटफायरचे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही तयार होतात, पण वाहतूक व सीमाशुल्क धरून त्यांची किंमत आधी विचारून घ्यावी. विम्यासाठी अशा गाडीचे मूल्य विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून छायाचित्रे व दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. किंमत धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी, म्हणजे व्यवहाराचा पुरावा राहतो.

थोडक्यात, आधी कागद, मग सांगाडा, त्यानंतर यंत्र आणि सर्वांत शेवटी रंग हा क्रम सोडू नये. पहिल्या दोन कसोट्यांवर न उतरणारी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते. तिला नम्रपणे नकार देणारा ग्राहक आपली पुंजी सुरक्षित राखतो आणि योग्य गाडी समोर येईल तेव्हा ती घेण्याची ऐपतही.