कुठे वाकायचं, हे बूट ठरवतो

टेलिमार्क स्कीइंगमध्ये स्की, बाइंडिंग आणि बूट या तिघांपैकी पैसे आधी कशावर घालावेत, असं कुणी विचारलं तर बेधडक सांगावं : बुटावर. अल्पाइन स्कीइंगमध्ये पाऊल पुढून आणि मागून स्कीला जखडलेलं असतं, त्यामुळे तिथे बूट जितका ताठ तितका कामाचा. टेलिमार्कमध्ये फक्त पुढचा भाग अडकवलेला असतो आणि टाच मोकळी राहते. वळताना एक पाय पुढे सरकतो, मागच्या पायाचा गुडघा खाली जातो, टाच उचलली जाते आणि त्या पायावरचा भार चवड्यावर येतो. बूट वाकतो म्हणूनच हे सगळं घडतं. म्हणजे या खेळातला मुख्य सांधा बुटातच आहे. स्कीवर ताबा किती राहील, बूट किती वर्षं चालेल आणि कोणत्या बाइंडिंगमध्ये बसेल, हे तिन्ही प्रश्न याच सांध्यापाशी सुटतात.

चामड्याकडून प्लास्टिककडे

खेळाला नाव मिळालं नॉर्वेतल्या टेलिमार्क प्रांतावरून. तिथल्या मोर्गेदाल गावचे सोन्द्रे नोरहाइम (1825-1897) लवचिक फांद्या पिळून केलेला बंध टाचेमागून घेत. त्यामुळे उडी मारताना किंवा वळताना स्की पायातून निसटत नसे. 1868मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, त्यांनी शर्यत जिंकली आणि ही पद्धत सर्वांच्या नजरेत भरली. 1927मध्ये ब्रोर वित यांनी बुटाची पुढची कड चिमट्यात धरणारी ‘रोटेफेला’ बाइंडिंग आणली. पुढे याच परंपरेत 75 मिलिमीटर रुंदीच्या, तळाला तीन भोकं असलेल्या चपट्या चोचीचं माप रूढ झालं.

1970च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये, क्रेस्टेड ब्यूट परिसरात, हा खेळ पुन्हा जिवंत झाला तोही चामड्याच्या बुटांवर. चामडं सहज वाकतं, पण ओलं झालं की मऊ पडतं आणि कडेने आधार देत नाही. रुंद स्की कडेवर उभी करायची तर घोट्याला भक्कम साथ हवी. इटलीतल्या आसोलो गावच्या स्कार्पा कंपनीने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ‘टर्मिनेटर’ हा प्लास्टिकचा टेलिमार्क बूट आणला आणि ती साथ मिळाली. प्लास्टिक आपणहून वाकत नाही, म्हणून चवड्यावर पेटीच्या भात्यासारख्या घड्या ठेवण्यात आल्या. त्यांना बेलोज म्हणतात. या बुटाचं सगळं बरंवाईट त्या घड्यांवर अवलंबून असतं.

घडी आणि चवडा

बुटाची पारख दुकानात वीस मिनिटांत करता येते आणि ती प्रत्येकाने करावीच. आतला मऊ लायनर बाहेर काढा. नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे साधारण एक ते दोन बोटं मावतील एवढी जागा हवी. तीन बोटं सहज मावत असतील तर बूट मोठा आहे; लायनर दबला की टाच आत उचलली जाईल आणि वळणात जोर वाया जाईल. स्की-बुटांचं माप पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवरून ठरतं, आणि बहुतेक ठिकाणी 26 आणि 26.5 या दोन्ही मापांचं शेल एकच असतं. ‘अर्धं माप मोठं घ्या’ या सल्ल्याने म्हणूनच फारसं काही साधत नाही.

नंतर लायनर घालून, बकलं लावून, एक पाय मागे घ्या आणि वळणात जातो तसा गुडघा खाली न्या. आता घड्यांकडे नीट बघा. अंगठ्याच्या मुळाशी जिथे पाऊल वाकतं, नेमक्या त्याच रेषेवर बूट वाकायला हवा. घडी पुढे सरकलेली असेल तर बोटांच्या वर प्लास्टिक चिमटा काढतं. ती मागे असेल तर पाऊल एकीकडे आणि बूट दुसरीकडे वाकतो. बर्फावर असे दहा-वीस नव्हे, शेकडो वाक येतात; दुकानात किंचित टोचणारी जागा संध्याकाळपर्यंत जखम करते. बूट कितीही नावाजलेला असो, घडी चवड्यावर येत नसेल तर तो परत ठेवावा.

ताठपणाही याच कसोटीवर जोखावा. उंच कफचे, तीन-चार बकलांचे बूट तीव्र उतारावर आणि रुंद स्कीवर ताबा देतात. बुटके, दोन बकलांचे बूट लांबच्या चालीत पायाला मोकळे ठेवतात. पण घड्या गरजेपेक्षा ताठ असल्या की बूट चवड्याऐवजी बाइंडिंगच्या टोकापाशी वळतो, माणूस टाचा उचलून बोटांवर उभा राहतो आणि मागची स्की हलकी पडते. टेलिमार्कच्या वळणात दोन्ही स्की भाराखाली असाव्या लागतात. म्हणून दुकानातला सर्वांत ताठ बूट सर्वांत चांगला, हे अल्पाइनचं गणित इथे लागू पडत नाही.

बाइंडिंगशी जुळणी

आज दोन मापं समोर येतात. पहिलं जुनं 75 मिलिमीटरचं. त्यात बुटाची चोच पुढे धरली जाते आणि बहुतेक बाइंडिंगमध्ये स्प्रिंगची केबल टाचेच्या खाचेत अडकते. केबल टाचेला पुढे ढकलते, म्हणजे ताण संपूर्ण बुटाच्या लांबीवर येतो. मऊ बुटाला दणकट स्प्रिंग लावली तर बूट दुमडतो आणि बोटं चेपली जातात. दुसरं माप एनटीएन, रोटेफेलाने 2007मध्ये आणलेलं. यात चोच गेली आणि चवड्याच्या मागे, तळव्याखाली, आणखी एक छोटी टाच आली. बाइंडिंग तिलाच पकडते. टाचेकडून दाब येत नसल्याने बूट चेपला जात नाही, आणि कडेचा ताबा स्पष्ट वाढतो.

ही दोन मापं एकमेकांत बसत नाहीत, आणि एनटीएन लिहिलेला प्रत्येक बूट प्रत्येक एनटीएन बाइंडिंगला चालत नाही. काही बाइंडिंग बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या पिनांनी धरतात. ट्वेंटीटू डिझाइन्सची ‘लिंक्स’ आणि फ्रान्सची ‘मेइजो’ ही त्यातली. त्यांना बुटाच्या टोकात धातूची बारीक भोकं, म्हणजे टेक इन्सर्ट, लागतात. रोटेफेलाच्या ‘फ्रीराइड’ला ती लागत नाहीत. डोंगर चढून जाणाऱ्याला इन्सर्टचा मोठा फायदा होतो, कारण चढताना टोक जवळपास विनाअडथळा फिरतं आणि प्रत्येक पावलामागे ताकद वाचते. म्हणून आज चढाई करायची नसली तरी इन्सर्ट असलेला बूट घेणं शहाणपणाचं. बाइंडिंग पुढे बदलता येते, बुटात इन्सर्ट मागाहून बसवता येत नाही.

झिजतं कुठे?

सतत वाकणारी वस्तू वाकण्याच्या जागी तुटते. टेलिमार्क बुटाला तडा जातो तो बहुधा घडीच्या तळाशी. जुना बूट घेताना घड्या ताणून उजेडात आतपर्यंत तपासाव्यात. 75 मिलिमीटरच्या बुटात चोचीची भोकं लांबट झाली आहेत का, हे पाहावं. एनटीएनमध्ये दुसऱ्या टाचेची कड गोलसर झाली आहे का, ते पाहावं. दगडांवर चालून ती घासली की बाइंडिंगमध्ये ढिलाई येते आणि ती थेट वळणात जाणवते.

प्लास्टिक कोणतं, हेही विचारायला हवं. जुने पॉलियुरेथेनचे शेल दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिले की ठिसूळ होतात आणि वापराविनाही फुटतात. पेबॅक्स हे प्लास्टिक हलकं असतं आणि कडाक्याच्या थंडीतही आपली लवचिकता सांभाळतं, म्हणून घड्यांसाठी ते उत्तम. स्कार्पाच्या ‘टी2 इको’मध्ये वापरलेलं पेबॅक्स एरंडेलापासून तयार होतं, आणि जगातलं बहुतांश एरंडेल भारतात, मुख्यतः गुजरातमध्ये, निघतं. आल्प्सच्या पायथ्याशी बनणाऱ्या या बुटाचं आपल्या शेतीशी असं खरंखुरं नातं आहे.

निगा सोपी आहे, पण नेमाने घ्यावी लागते. दिवस संपला की लायनर बाहेर काढून वाळवावा. बूट हीटरला टेकवू नये. घड्यांतला बर्फ झटकावा आणि ठेवताना बकलं हलकेच लावावीत, म्हणजे शेलचा आकार टिकतो.

आधी काय, मग काय

नोकरी-शिक्षणानिमित्त नॉर्वे, कोलोरॅडो किंवा युटात स्थिरावलेल्या मराठी माणसाला हा खेळ शिकायचा असेल तर जुने, सुस्थितीतले 75 मिलिमीटरचे बूट आणि साधी केबल बाइंडिंग ही स्वस्त आणि चांगली सुरुवात आहे. खेळ अंगात भिनला की एनटीएनकडे वळावं. पाऊल आणि घडी यांचा मेळ आधी बघा, उताराचा आणि चालीचा विचार मग करा, त्यानंतर माप, बाइंडिंग आणि शेवटी स्की. हे बूट बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, दरवर्षी नवे पर्याय येत नाहीत, त्यामुळे एक चुकीची खरेदी अनेक हिवाळे पायात राहते. त्यासाठी दुकानात अर्धा दिवस गेला तरी चालेल. फिटिंग करणाऱ्याला प्रश्न विचारताना संकोच करू नका आणि लायनर गरम करून पायाच्या आकाराला बसवून घेतल्याशिवाय बूट घरी आणू नका.