मागच्या चाकाला वजन किती? नांगरटीला वेगळे, ऊस ओढायला वेगळे

बीड जिल्ह्यातले अनेक ट्रॅक्टर वर्षात दोन नोकऱ्या करतात. केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात उन्हाळ्यात नांगरट, पावसाळ्यात सोयाबीन, कापूस, तुरीची कामे. दसरा-दिवाळी झाली की तोच ट्रॅक्टर ऊसतोड टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याला लागतो. रानात मऊ मातीवर चालणारे चाक पाच-सहा महिने डांबरावर डबल ट्रॉली ओढते. बहुतेक ट्रॅक्टरवर मात्र वजने आणि टायरमधली हवा बारा महिने एकच असते. डिझेल, टायर आणि कधी कधी चालकाचा जीव इथेच पणाला लागतो.

वजन कशासाठी?

ट्रॅक्टर ओढतो तो इंजिनाच्या ताकदीवर, पण ती ताकद जमिनीत उतरते मागच्या चाकांतून. चाकावर पुरेसा भार नसेल तर ते जागेवर घसरते. मीटरवर तास वाढतात, रान तेवढेच राहते. भार जास्त झाला तर चाक अजिबात घसरत नाही, पण माती दाबली जाते, टायर खोल रुततो आणि गिअर व एक्सलवर ताण येतो. काळ्या रानात वाफसा नसताना जड ट्रॅक्टर घातला तर खाली जो कडक थर बसतो, तो पुढच्या पिकाची मुळे अडवतो.

म्हणून थोडी घसरण हवीच. नांगरटीत साधारण 10 ते 15 टक्के घसरण योग्य मानली जाते. ती मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर वर उचलून त्याच रानात चाकाचे 10 फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग नांगर नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा 10 फेरे. पहिल्यांदा 40 मीटर आणि दुसऱ्यांदा 34 मीटर आले, तर घसरण 15 टक्के. 20 च्या पुढे गेली तर वजन वाढवायचे, सात-आठच्या आत आली तर काढायचे. टेप नसेल तर मागे वळून टायरचा ठसा बघा. ठसा पूर्ण पुसलेला म्हणजे वजन कमी, साच्यातून काढल्यासारखा कोरीव म्हणजे जास्त. कडा दिसतात आणि मधला भाग थोडा पुसलेला असतो, तो ठसा बरोबर.

रोटाव्हेटरला हा हिशेब लागू नाही. त्याची फिरती पाती ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात, ओढ फारशी लागत नाही. नांगरटीसाठी चढवलेली वजने तशीच ठेवून रोटाव्हेटर मारणे म्हणजे लोखंड रानभर फिरवून आणण्यासाठी डिझेल जाळणे.

लोखंड की पाणी?

चाकाला बोल्टने बसणारी बिडाची वजने महाग पडतात, पण काम बदलले की काढता येतात. पाणी जवळपास फुकट. 13.6-28 या नेहमीच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश भरल्यास सुमारे दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो बसते. दोन्ही चाकांचे मिळून तीनशे. चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह सर्वात वर आणायचा आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत आले की थांबायचे. वरची जागा हवेसाठी. टायर काठोकाठ भरला तर तो दबत नाही, धक्का थेट बसतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, उलट रिम गंजते.

आमचे मत असे : वर्षभर मुख्यतः नांगरट आणि वाहतूकच असेल तर पाणी चालेल. पेरणी, कोळपणी, फवारणीही त्याच ट्रॅक्टरने होत असेल तर लोखंडच बरे.

पुढचे चाक विसरू नका

ऊस भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते. मागे वजन वाढवून हे थांबत नाही. उलट, आधी चाक घसरून जी ओढ सुटायची ती आता सुटत नाही आणि पुढचा भाग अधिक सहज वर येतो. कोणत्याही कामात एकूण वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढच्या एक्सलवर असला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. हे वजनकाट्यावर तपासता येते : आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग पूर्ण ट्रॅक्टर. 2,000 किलोच्या ट्रॅक्टरला पुढे निदान 400 किलो हवेत. कमी असतील तर पुढे बंपरची वजने लावा. बंपरवर माणसे बसवणे हा उपाय नव्हे. ट्रॅक्टर उलटला तर आधी तीच सापडतात. आणि ट्रॉली कायम खालच्या ड्रॉबारलाच जोडा. हुक जितका उंच, तितके तोंड लवकर उचलते.

खरेदीच्या वेळी ओढशक्तीचा आकडा ऐकवला जातो, तेव्हा तो वजने लावून मोजला की न लावता, हे विचारा. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्र सरकारी संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तिच्या अहवालात हे स्पष्ट असते.

टायर कोणता?

13.6-28 म्हणजे टायरची रुंदी 13.6 इंच आणि रिमचा व्यास 28 इंच. त्याच ट्रॅक्टरला 14.9 किंवा 16.9 चढवण्याची हौस अनेकांना असते. रुंद टायर मऊ रानात कमी रुततो हे खरे, पण रिमची रुंदी जुळावी लागते, कोळपणीत ओळ दबते आणि फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण बिघडून गिअरवर ताण येतो. भातशेतीसाठीचे खोल नक्षीचे टायर आपल्या कामाचे नाहीत. डांबरावर ते लवकर गोटा होतात.

हवेचे दडपण कंपनीच्या पुस्तिकेतच बघा. रानात मागे साधारण 12 ते 14 पौंड, वाहतुकीत जास्त. कारखान्याहून परतल्यावर तीच हवा ठेवून नांगरट सुरू केली तर टायर मधल्या पट्टीवरच टेकतो, घसरतो आणि मधोमध झिजतो. वाहतुकीत हवा कमी राहिली तर कडा झिजतात आणि बाजूला चिरा पडतात.

बदलताना मागचे दोन्ही टायर एकदमच बदला, बाजूवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेने ठेवा. टायरमध्ये पाणी असेल तर पंक्चरवाल्याला चाक खोलण्याआधी सांगा, आणि काम झाल्यावर दोन्ही चाकांत पाणी सारख्याच पातळीला भरून घ्या, नाहीतर नांगरताना ट्रॅक्टर एका बाजूला ओढत राहील.