प्रश्न मागच्या चाकांचा

आमच्या दारात १९८५ ची फोर्ड एफ-१५० पिकअप उभी असते. मंडळाच्या गणपतीचं मखर, खुर्च्या, मोठी पातेली, सगळं तीच वाहते. एरवी मात्र रिकामी फिरते. गेल्या मार्चमध्ये ओहायोच्या पावसात सिग्नलला ब्रेक दाबला आणि मागचं डावं चाक एकदम जाम झालं. गाडीची शेपटी शेजारच्या लेनमध्ये गेली. ती लेन रिकामी होती, एवढंच आमचं नशीब.

शेजारी माझा मुलगा बसला होता. वय सोळा, नुकतंच शिकाऊ परमिट मिळालेलं. घरी पोहोचायच्या आत त्याचा निकाल तयार होता : "बाबा, मागचे ड्रम काढा आणि डिस्क बसवा. पुढे आहेतच की!"

पुण्यात चेतकचा ब्रेक आवळत वाढलेल्या मला ड्रमची सवय. पण सवय म्हणजे काही कारण नव्हे. म्हणून दोघंही अभ्यासाला बसलो.

डिस्कचे फायदे खरे आहेत. ती उघडी असल्यानं लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते, पॅड बदलणंही सोपं. ड्रम बंदिस्त, घाटात तापला की पकड सुटू लागते. पण ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यानंच आणखी घट्ट दाबला जातो, त्यामुळे कमी दाबात काम होतं. शिवाय पार्किंग ब्रेक त्याच शूंवर साधेपणानं चालतो. डिस्क लावायची तर मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या दाबाची वाटणी करणारा व्हॉल्व्ह जुळतात का ते पाहावं लागतं, पार्किंग ब्रेकची वेगळी सोय करावी लागते.

खरी गोम वेगळीच. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळातच हलका, म्हणून तिथली चाकं आधी जाम होतात. फोर्डनं या गाड्यांना मागचे अँटिलॉक दिले ते १९८७ पासून, आमची त्याआधीची. दाबाची वाटणी न जुळवता मागे जास्त जोराचा ब्रेक लावला, तर दुखणं वाढणारच.

मग ड्रम उघडले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवा न मारता धूळ ओली करून पुसली. डावा व्हील सिलिंडर गळत होता. ब्रेक ऑइलनं भिजलेला शू कधी घसरतो, कधी एकदम धरतो. आमचा धरला होता. उजवीकडचा ॲडजस्टर रस्त्यावरच्या मिठानं गंजून बसलेला. दोष ड्रमचा नव्हता. चार वर्षांत मी एकदाही आत डोकावलो नव्हतो.

दोन्ही बाजूंचे सिलिंडर, शू, स्प्रिंगा, ॲडजस्टर नवे घातले, हवा काढली. पेडल मुलानं दाबलं, ब्लीडर मी सोडला. डोंगराळ भागात रोज भरलेली गाडी न्यायची असती, तर पूर्ण डिस्क किटचा विचार केला असता.

नंतर पावसातच मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये त्यानं गाडी चालवली. ती सरळ थांबली. तो म्हणाला, "दर वर्षी उघडून बघायचे ना?"

तारीख त्यानंच कॅलेंडरवर लिहिली आहे. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार.