किंमत काठीची, मोल पाण्याचे

छंदासाठी माणसाने किती पैसे खर्च करावेत, या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा जागा मिळत नाही. अन्नधान्याच्या भावांची चर्चा होते, चैनीच्या वस्तूंवरील करांची होते. परंतु ठराविक वेतनात संसार ओढणारा माणूस आपल्या एकुलत्या एका विरंगुळ्यासाठी महागडे साधन खरेदी करतो, तेव्हा तो शहाणपणा करतो की उधळपट्टी, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. हा विचार वरकरणी क्षुल्लक वाटेल. प्रत्यक्षात मध्यमवर्गीय कुटुंबांत होणारे कित्येक वाद याच प्रश्नावर येऊन ठेपतात. मुलाला हवी असलेली महाग बॅट असो, कॅरमचा खास स्ट्रायकर असो, की गळाने मासे धरण्याची परदेशी काठी असो, प्रश्न एकच असतो: वाढीव किमतीच्या बदल्यात नेमके काय पदरात पडते?

यांपैकी गळाच्या काठीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे; कारण मासा ही वस्तू मुंबईत उपजीविकेचीही आहे आणि विरंगुळ्याचीही. चिंचपोकळी-लालबागच्या पट्ट्याला तर मासळीचे अप्रूप मुळीच नाही. पेरू चाळीचा उघड्यावरचा बाजार १९३२ साली बंद झाला, तेव्हा हक्काच्या जागेसाठी तेथील कोळी व विक्रेत्यांनी नवस केला आणि १९३४ साली लालबागच्या राजाची स्थापना झाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या वस्तीत विरंगुळाही कोणी दान म्हणून दिलेला नाही. गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या चळवळीनंतर. ज्या रविवारसाठी एका पिढीने झगडा केला, तो रविवार वरळीच्या किनाऱ्यावर किंवा पवईच्या तलावाकाठी गळ टाकून घालवावा, असे कोणाला वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. मात्र त्या रविवारची किंमत बाजाराने किती लावावी, हा वेगळा प्रश्न आहे.

साधनांचा बाजार

एके काळी या बाजाराला आयातीवरील निर्बंधांचे कुंपण होते. परदेशी काठी किंवा रीळ हवे असेल, तर बोटीवर काम करणारा किंवा आखातात नोकरीला असलेला एखादा नातेवाईक गाठावा लागे. १ एप्रिल २००१ पासून उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठली आणि जगातील महागड्या वस्तू सामान्य ग्राहकाच्या नजरेच्या टप्प्यात आल्या. नजरेच्या टप्प्यात आलेली प्रत्येक वस्तू खिशाच्या टप्प्यात येतेच असे नाही; पण ती मनात घर करते, हे निश्चित.

या वस्तूंत सर्वांत खानदानी मानली जाते ती ‘फ्लाय फिशिंग’ची सामग्री. पिसे, दोरा आणि लोकर यांची बनविलेली खोटी माशी पाण्यावर अलगद उतरवून माशाला फसवायचे, अशी ही कला. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने गळाच्या छंदावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये छापला. अलनिक येथील हार्डी बंधूंचा कारखाना १८७२ चा. आज परदेशी पेढ्यांची उत्तम फ्लाय काठी हजार डॉलरच्या आसपास जाते. रीळ, खास दोरा, पाण्यात उतरण्याचे बूट, खिशाखिशांचे जाकीट आणि जाळी यांचा हिशेब निराळा. दोरा कापण्याची नुसती चिमटी शंभर डॉलरलाही विकली जाते.

यांतील कोणत्या खर्चाला अर्थ आहे आणि कोणत्या नाही, हे ठरविण्यासाठी या कलेचे यंत्रशास्त्र समजून घ्यावे लागते. साध्या गळात शिशाचे वजन पुढे जाते आणि दोरा त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये खोट्या माशीला वजन जवळजवळ नसतेच. वजन असते ते दोऱ्याला, आणि काठी त्या दोऱ्याला झोका देते. म्हणून येथे दोऱ्याचा दर्जा खरोखरीच महत्त्वाचा ठरतो. दोरा काठीच्या ताकदीशी जुळणारा नसेल, तर हजार डॉलरची काठीही निरुपयोगी. उलट, लहान माशांच्या बाबतीत रिळाचे काम दोरा गुंडाळून ठेवण्यापलीकडे फारसे नसते. मासा मोठा व जोरकस असेल, तो शंभर-दीडशे हात दोरा घेऊन पळत असेल, तरच रिळातील रोधकाच्या गुणवत्तेला अर्थ प्राप्त होतो.

काठीची गोष्ट या दोहोंच्या मधली. पूर्वी ती चिनी बांबूच्या चिरफळ्या जोडून हाताने बनवीत. महायुद्धानंतर काचतंतू आले आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतू. कार्बनच्या काठीने हाताचा शीण कमी केला, हे निर्विवाद. पण आज स्वस्त काठ्याही कार्बनच्याच असतात. अगदी हलक्या प्रतीची काठी सोडून मध्यम प्रतीची घेतली, तर फरक हाताला लगेच जाणवतो. मध्यम प्रतीकडून उत्तम प्रतीकडे जाताना तो थोडा जाणवतो. आणि उत्तमाकडून अत्युत्तमाकडे जाताना तो जाणवण्यासाठी हात आधी तयार असावा लागतो. किंमत मात्र याच्या नेमकी उलट, शेवटच्या पायरीवर सर्वांत मोठी झेप घेते. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त वर्गात फळ्यावर काढून दाखवावा लागतो. येथे तो दुकानाच्या किंमतपत्रकावरच वाचायला मिळतो.

लहानसहान उपकरणांबाबत तर शंकेलाही फारशी जागा नाही. दोरा कापण्याचे काम नखे कापण्याचे साधन करू शकते. माशाच्या जबड्यातून गळ सोडविण्याचा चिमटा म्हणजे शल्यविशारदाचाच चिमटा. तो शस्त्रक्रियेची साधने विकणाऱ्या दुकानात मिळतो. त्याच वस्तूवर ‘मासेमारीसाठी’ अशी चिठ्ठी चिकटली की किंमत चढते. ही वाढ वस्तूची नव्हे, चिठ्ठीची.

टिकाऊपणाचा हिशेब

महाग साधनाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद टिकाऊपणाचा असतो, आणि तो झटकून टाकता येत नाही. मुंबईचे पाणी खारे आहे. तकलादू रिळाच्या पोटात खारे पाणी शिरले की गंज चढतो आणि दोन पावसाळ्यांत ते निकामी होते. समजा, असे रीळ १,५०० रुपयांचे आहे आणि पाणी आत न शिरू देणारे, दहा वर्षे टिकणारे रीळ ६,००० रुपयांचे. दहा वर्षांत स्वस्त रिळे पाच लागतील, म्हणजे खर्च ७,५०० रुपये. महाग रिळाने १,५०० रुपये वाचले, असे दिसते. पण जास्तीचे ४,५०० रुपये पहिल्याच दिवशी अडकले, त्याचे काय? सात टक्के दराने सरळ व्याज धरले, तर दहा वर्षांत सुमारे हजार रुपयांचे व्याज बुडते. उरतात जेमतेम साडेचारशे रुपये, वर्षाला पंचेचाळीस. आणि तेही केव्हा? रीळ हरवले नाही, खडकावर आपटले नाही आणि छंद दहा वर्षे टिकला तर! छंद तिसऱ्याच वर्षी सुटला, तर स्वस्त मार्गाने गेलेल्याचे ३,००० रुपये गेले आणि महाग मार्गाने गेलेल्याचे ६,०००.

यावरून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. टिकाऊ साधनाचा लाभ साधनात नसून वापरात असतो. दर रविवारी किनाऱ्यावर जाणाऱ्याला जे परवडते, ते वर्षातून चार वेळा जाणाऱ्याला परवडत नाही, मग त्याचे वेतन दुप्पट का असेना. कोळी बांधव जाळ्यावर आणि इंजिनावर खर्च करतो ती भांडवली गुंतवणूक असते. तिचा परतावा त्याला समुद्र देतो. हौशी माणसाचा खर्च हा उपभोग आहे. उपभोगाला गुंतवणुकीचे नाव देऊन मनाची समजूत घालणे, ही मध्यमवर्गाची जुनी खोड आहे.

तरीही लोक अत्युच्च किंमत का मोजतात? थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दाखवून दिले की, काही वस्तू महाग असूनही नव्हे, तर महाग असल्यामुळेच विकत घेतल्या जातात. मालकाची पत चारचौघांत दिसावी, हेच त्यांचे कार्य. मात्र या प्रतिष्ठेचा पैसा कोणाच्या हाती जातो, हेही पाहण्यासारखे आहे. श्रीमंत देशांत विकल्या जाणाऱ्या खोट्या माश्यांपैकी कित्येक केनिया, थायलंड यांसारख्या देशांतील कारागीर, त्यांतही स्त्रिया, हाताने बांधतात. त्यासाठी लागणारी कोंबड्यांच्या मानेची पिसे एके काळी भारतातूनही मोठ्या प्रमाणावर जात. पिसे येथून कच्चा माल म्हणून जावीत आणि छापील नावासह चढ्या भावाने परतावीत, हा व्यवहार कापसाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या गिरणगावाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मूळ साधन कोणते?

येथवरचा विचार साधन आणि खिसा यांच्यापुरता झाला. परंतु आपल्या प्रदेशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. फ्लाय फिशिंगला प्रामुख्याने हवे असते ते निवळ, वाहते पाणी. तसे पाणी महाराष्ट्रात नव्हते असे नाही. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडलेल्या कर्नल साइक्सने दख्खनी महासीर माशाचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. आज त्या नदीकाठी उभे राहणाऱ्याला हे खरे वाटणार नाही. महासीर टिकावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीला १९७० च्या दशकापासून कृत्रिम बीजोत्पादन करावे लागले.

पवईची कथाही वेगळी नाही. शहराला पाणी पुरविण्यासाठी १८९१ च्या सुमारास बांधलेला हा तलाव पिण्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला, पण गळ टाकणाऱ्यांना लाभला. पुढे सांडपाणी आले, जलपर्णी आली. त्याच्या काठाने महापालिकेने सुरू केलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरविला, तो नागरिक न्यायालयात गेले म्हणून. वरळीच्या कोळ्यांनी किनारा मार्गाच्या पुलाखालून बोटी सुखरूप जाव्यात यासाठी प्रदीर्घ लढा दिला. खांबांमधील अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झाले, ते त्या लढ्यामुळे.

गळाच्या छंदाचे पहिले साधन पाणी हे आहे, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. गढूळ तलावात कणकेच्या गोळीवर रोहू-कटला धरणाऱ्याला हजार डॉलरची फ्लाय काठी एक मासाही जास्त देणार नाही. गॅलब्रेथ यांनी १९५८ मध्ये खासगी समृद्धी आणि सार्वजनिक दैन्य यांच्या विसंगतीकडे लक्ष वेधले होते. उंची काठी घेऊन सांडपाण्याच्या काठी उभा असलेला माणूस हे त्या विसंगतीचे मूर्तिमंत चित्र होय.

मग सामान्य नोकरदाराने करावे काय? खर्चाचा क्रम वापराने ठरू द्यावा. आधी चांगला दोरा आणि धारदार गळ, कारण माशाशी प्रत्यक्ष संबंध त्यांचाच येतो. पुढे गरजेनुसार रीळ. काठी मध्यम प्रतीची. बाकीचा थाटमाट शेवटी किंवा कधीच नाही. एक पूर्ण पावसाळा साध्या साधनावर काढल्याशिवाय महाग वस्तूला हात लावू नये. शिवाय प्रत्येकाने स्वतंत्र साधन विकत घेतलेच पाहिजे असेही नाही. गिरणगावातील व्यायामशाळांनी लोखंडी वजने आणि वाचनालयांनी पुस्तके सामाईक ठेवून हजारोंची हौस भागविली. दहा बाय बाराच्या खोलीत वर्षाचे अकरा महिने भिंतीला टेकून राहणारी काठी दहा जणांनी मिळून घेतली, तर उत्तम काठीही परवडते आणि नवशिक्याला जाणत्याचा हातही लाभतो.

महाग साधन घेणे पाप नाही. ज्याचा हात तयार आहे, ज्याचा रविवार खरोखरीच पाण्याकाठी जातो आणि ज्याच्या घरची निकड त्यामुळे अडत नाही, त्याने ते अवश्य घ्यावे. परंतु तेवढाच पैसा आणि त्याहून थोडा अधिक वेळ जर हौशी मंडळींनी तलाव व किनारा स्वच्छ राहावा यासाठी संघटितपणे खर्च केला, तर त्याचा परतावा कोणत्याही परदेशी काठीपेक्षा जास्त असेल, आणि तो ज्याच्याजवळ बांबूची काठी आहे त्यालाही मिळेल.